सरांची स्मरणिका काढताय? आधी वह्या शोधा

माझ्याकडे आलेला प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत १९७१ ते २००४ गणित शिकवलेले सर गेल्या वर्षी गेले. माजी विद्यार्थ्यांनी वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायचं ठरवलं. चाळीसेक लेख जमले, पण वाचायला बसल्यावर लक्षात आलं की सगळे एकाच माणसाने लिहिल्यासारखे आहेत. घरच्यांचं म्हणणं, कडवट काही येऊ नये. संस्थेचं म्हणणं, पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि संदेश सुरुवातीला हवेत. 'यातून आमचे सर दिसतील असं पुस्तक कसं करायचं?' असं विचारून तुम्ही नमुन्याला पाच लेखही पाठवलेत.

मी नाशकात बरीच वर्षं मुद्रितशोधन आणि संपादन करते. शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, गौरवग्रंथ, स्मरणिका अशी कामं त्यात पुष्कळ असतात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पाचही लेख वाचले. विद्यार्थिप्रिय, शिस्तप्रिय, ऋषितुल्य, ज्ञानदानाचं व्रत, वरून कठोर पण आतून प्रेमळ. यातलं काहीच खोटं नाही. लिहिणाऱ्याला खरोखर भरून आलेलं असतं आणि भरून आलं की हात आपोआप शोकसभेच्या भाषणाकडे वळतो. पण सरांचं नाव खोडून तिथे दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाचं नाव घातलं तरी हे लेख तसेच्या तसे चालतील. असा मजकूर घरचे लोक एकदा वाचतात आणि पुस्तक कपाटात जातं.

तिसऱ्या लेखात मात्र मधेच एक वाक्य आहे : 'सर खोडरबर वापरू द्यायचे नाहीत, चुकलेल्या पायरीवर एकच आडवी रेघ मारायला लावायचे.' लगेच पुढे 'असे होते आमचे शिस्तप्रिय सर' म्हणून लेखक पुन्हा विशेषणांकडे गेलेत. मी त्या वाक्यापाशी थांबले. तुमच्या सगळ्या ऐवजात मला सर पहिल्यांदा दिसले ते तिथे, आणि ती गोष्ट शिस्तीची नाहीच.

विचार करा, गणिताचा शिक्षक असं का करेल? आठवीतली मुलं कंस सोडवताना बाहेरच्या तीनने आतल्या पहिल्या पदाला गुणतात आणि दुसऱ्याला विसरतात. उत्तर चुकलं की रबराने सगळं पुसतात आणि शेजाऱ्याच्या वहीतलं बरोबर उत्तर उतरवतात. वही स्वच्छ दिसते. चूक कुठे झाली होती ते मुलाला कळत नाही, आणि वह्या तपासणाऱ्यालाही कळत नाही. रेघेखाली चुकलेली पायरी तशीच राहिली, तर पन्नास वह्यांचा गठ्ठा तपासताना शिक्षकाला दिसतं की निम्मा वर्ग याच एका जागी घसरतोय. मग दुसऱ्या दिवशी फळ्यावर काय घ्यायचं ते ठरतं. सरांच्या मनात हेच होतं का, ते मी सांगू शकत नाही. तुम्ही शोधू शकता, आणि ते शोधणं हेच स्मरणिकेचं खरं काम आहे.

तेव्हा ज्यांनी हा लेख पाठवला त्यांना फोन लावा. पण 'सरांबद्दल आणखी सांगा' असं म्हणू नका, पुन्हा व्रत आणि ऋषी येतील. विचारा : हा नियम पाचवीपासून होता की आठवीपासून? नवा मुलगा वर्गात आला की त्याला कोण सांगायचं, सर की बाकीची मुलं? कुणी चोरून रबर वापरलं तर काय व्हायचं? सर वही तपासताना लाल शाईने नुसती फुली मारायचे की काही लिहायचे? रेघ मारलेल्या वहीला घरी बोलणी बसायची का? (बसत असणार. आमच्या लहानपणी खाडाखोड म्हणजे अभ्यासात लक्ष नाही, असाच हिशेब होता.) आणि हा नियम ज्याला मनापासून आवडत नव्हता असा वर्गमित्र कोण? त्याचाही नंबर घ्या.

यानंतर वह्या शोधा. वर्ष संपलं की वह्या रद्दीत जातात हे खरं, पण दहावीची एखादी वही कुणाच्या तरी घरी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत किंवा आईच्या साड्यांखाली प्रगतिपुस्तकाबरोबर राहिलेली असते. माजी विद्यार्थ्यांच्या गटावर आवाहन टाका : सरांनी तपासलेली कुठलीही वही, चाचणीचा पेपर, चिठ्ठी, पोस्टकार्ड. वही मिळाली तर तिची दोन पानं मूळ रंगात छापा आणि खाली चार ओळींत सांगा की गणित कुठलं आहे, मूल कुठे चुकलं आणि सरांनी बाजूला काय लिहिलं. असं एक पान तुमच्या दहा लेखांना भारी पडेल.

सरांच्या घरीही बघा, आणि वर्षश्राद्धाच्या आधी बघा. वर्ष सरलं की घरं आवरली जातात आणि कागद पहिले जातात. टाचणवह्या (रोजच्या पाठाची आखणी लिहायच्या वह्या), वार्षिक नियोजन, हाताने काढलेल्या घटक चाचण्या, सहलीचा हिशेब, कुणाच्या फीची नोंद असलेलं डायरीचं पान, सगळ्याचे मोबाइलवर का होईना फोटो काढून ठेवा. काय छापायचं ते नंतर ठरवता येतं. टाचणवहीत तर पुष्कळ सापडतं. अधिकाऱ्यांना दाखवायला लिहिलेलं टाचण ठरावीक साच्याचं असतं, पण कडेला पेन्सिलीने केलेल्या खुणा स्वतःसाठी असतात. एका प्राथमिक शाळेतल्या बाईंच्या टाचणात प्रत्येक सोमवारी कडेला तीन-चार नावं लिहिलेली सापडली होती. पुढे कळलं, ती रविवारी घरी जेमतेम जेवलेली मुलं. सोमवारी त्यांना पहिल्या तासाला प्रश्न विचारायचा नाही, असं बाईंनी स्वतःपुरतं ठरवलेलं होतं. त्यांच्यावरच्या एकाही लेखात याचा उल्लेख नव्हता, कारण कुणाला ते माहीतच नव्हतं.

शाळेतले कागद मिळवायला मुख्याध्यापकांना रीतसर पत्र द्या. जनरल रजिस्टर (शाळेत दाखल झालेल्या मुलांची नोंदवही), शेरेबुक, शाळेचं हस्तलिखित, जुने हजेरीपट असतील तर तेही. शेरेबुकात तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचे शेरे असतात. 'गणिताचे अध्यापन समाधानकारक' असल्या ओळीतून फार हाती लागत नाही, पण त्या दिवशी वर्गात किती मुलं होती, फळा नवा हवा होता का, सर त्या वर्षी गणिताशिवाय आणखी काय शिकवत होते, हे कळतं. खेड्यातल्या गणिताच्या शिक्षकाने एखादं वर्ष भूगोल किंवा पी.टी. शिकवलेलीच असते.

जनरल रजिस्टरचा उपयोग वेगळा आहे. त्यात आणि दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. तो वाचा. तुमच्या चाळीस लेखांचे लेखक कोण आहेत ते मला तुमच्या यादीतूनच दिसलं : पुण्यातले इंजिनिअर, मुंबईतले बँकवाले, दोन डॉक्टर, एक तहसीलदार, परदेशातले तिघे. सगळे पास झालेले, पुढे गेलेले. त्यांना गणित शिकवणं त्यामानाने सोपं होतं, असं मी म्हटलं तर राग मानू नका. जो आठवीतून बसला, जो दहावीला गणितात दोनदा गेला, ज्याचं नाव त्या रकान्यात 'सतत गैरहजर' म्हणून संपलं, त्याच्याशी सर कसे वागले हे तुमच्याकडे कुठेच नाही. मला विचाराल तर शिक्षकाचं आयुष्य पहिल्यांदा तिथे तपासायचं असतं, गुणवत्ता यादीचा नंबर त्यानंतर येतो.

ही माणसं फार लांब नाहीत. लासलगावच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलणारा असेल, पिंपळगावला पिकअप चालवणारा असेल, गावातच स्वतःची बाग करणारा असेल. ते लेख पाठवणार नाहीत. 'मला कुठं लिहिता येतं, तुम्ही शिकलेली माणसं लिहा' म्हणतील. त्यांच्याकडे जाऊन बसायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि त्यांच्या बोलीत छापायचं. बोली 'सुधारायची' नाही. 'सर म्हनले, उद्या ये, मी आलोच न्हाई, मंग तेच आले मळ्यात' हे वाक्य प्रमाण मराठीत आणलंत की मळाही जातो आणि सरही जातात.

तुमचा तालुका द्राक्षाचा आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की सुरगाणा, पेठ भागातली कुटुंबं बागांच्या कामाला उतरतात आणि हंगाम उरकेपर्यंत शेडवर राहतात. त्यांची मुलं कुठल्याच पटावर नीट नसतात. सरांच्या काळात अशी मुलं तुमच्या शाळेत येऊन बसायची का, कुणी बसवून घेतली का, बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना बागेच्या कामाला गेलेल्या गावातल्याच मुलांचं काय व्हायचं, हे विचारून बघा. काही सापडेल, काही सापडणार नाही. सापडलं नाही तर ते रचू नका.

मुलींचं तर आणखी अवघड असतं. तुमच्या चाळीस लेखांत बायका फक्त चार. तेहतीस वर्षांत सरांच्या वर्गात निदान तिसरा हिस्सा तरी मुली असतील. मग त्या कुठे आहेत? त्या गटावर नाहीत, कारण लग्नानंतर आडनाव बदललं, कित्येकींचं नावही बदललं, आणि वर्गाच्या गटात कोण कोणाला जोडणार तर मुलगेच मुलग्यांना. रजिस्टरमध्ये माहेरचं नाव असतं. गावात भाऊ, भावजय असतात. त्यांच्याकडून नंबर मिळतो. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला फोन करा, तेव्हा निवांत बोलता येतं. मी हे काम केलंय तेव्हा मुलींनी सांगितलेल्या गोष्टी मुलग्यांपेक्षा वेगळ्याच निघाल्या : सर वर्गात मुलींना फळ्यापाशी बोलवायचे की नाही, जादा तास संपल्यावर अंधार पडला तर घरी कोण सोडायचं, सातवीनंतर नाव काढायला आलेल्या वडिलांशी सर किती वेळ बोलत बसले. एकीने सांगितलं होतं की सर तीनदा घरी आले, वडिलांनी ऐकलं नाही, लग्न झालं. पण पुढे दोन मुलं झाल्यावर त्याच सरांनी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म पाठवला. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशकात सुरू झालं आणि दहावी-बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी करून पदवीची वाट मोकळी झाली. आपल्या जिल्ह्यातल्या किती शिक्षकांनी जुन्या, सुटलेल्या विद्यार्थ्यांना तिकडे ढकललं याची कुठे नोंद नाही. तुमच्या सरांनी तसं केलं असेल तर ते मोठ्या टाइपात यायला हवं.

आता साल-तारखांचं. आठवणींत लोक सालं हमखास चुकवतात. 'कुठल्या वर्षी?' असं विचारू नका, 'तेव्हा काय चाललं होतं?' असं विचारा. सर रुजू झाले त्याच्या पुढच्याच वर्षी १९७२चा दुष्काळ आहे. १९७५ला अकरावीची मॅट्रिक मागे पडून पहिली दहावी बोर्डाला बसली, १९७७ला पहिली बारावी. गणिताच्या शिक्षकाला तो बदल सोपा गेला नसणार. जुन्या अभ्यासक्रमात शिकलेल्या माणसाने नवा कसा पचवला, कुठल्या शिबिराला गेले, स्वतः कुणाकडून शिकून घेतलं, यावर एक स्वतंत्र टिपण हवं, आणि ते लिहायला त्या काळचे सहकारी शोधायला हवेत. विद्यार्थ्यांना हे माहीत नसतं. १९७७-७८चा राज्य कर्मचाऱ्यांचा चोपन्न दिवसांचा संप घ्या. सर संपात होते का, शाळा बंद होती का, दहावीच्या मुलांचं काय केलं, घरात पगार नव्हता तेव्हा किराणा कुणी दिला, हे विचारा. नाशिक जिल्ह्यात सिंहस्थाचा तर फारच उपयोग होतो : १९८०, १९९१, २००३. 'सिंहस्थाच्या आधी की नंतर' एवढं विचारलं की माणसाचं साल जागेवर येतं. शेवटी सगळ्या तारखा सेवापुस्तकाशी ताडून बघा.

छडीचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण तुमच्या पाचपैकी तीन लेखांत ती आहे, आणि तिन्ही ठिकाणी कौतुकाने. 'सरांच्या छडीनेच आम्ही घडलो.' मी हे वाक्य कापते. शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारण्यावर आणि त्याचा मानसिक छळ करण्यावर बंदी घातली. कायदा २०१० साली लागू झाला, सर त्याच्या आधी निवृत्त झाले होते, तेव्हा त्यांना आजच्या मापाने मोजू नका. पण गौरवही करू नका. सर मारायचे तर 'मारायचे' असं सरळ लिहा, कशासाठी ते लिहा, आणि ज्याने मार खाल्ला त्यालाच बोलू द्या. येवल्याकडच्या एका गृहस्थांनी मला सांगितलेली हकिकत आहे. चोरीच्या आळावरून त्यांच्या सरांनी त्यांना वर्गात मारलं, चोरी या गृहस्थांनी केलेली नव्हती. खरी गोष्ट उघड झाली ती पुढच्या वर्षी, वर्ग बदलल्यावर. ते सर नव्या वर्गात आले, या विद्यार्थ्याला उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले की गेल्या वर्षी माझं चुकलं. गृहस्थ साठीचे होते, सांगताना आवाज बदलला होता. ही हकिकत त्या सरांच्या घरच्यांना आधी नको होती. शेवटी सरांच्या मुलीनेच ती ठेवायला सांगितली.

घरच्यांच्या 'कडवट नको' या म्हणण्याचं काय करायचं, तेही यातच आलं. कडवट म्हणजे नेमकं काय, ते त्यांनाच विचारा. बहुतेक वेळा मनात एखादा ठरावीक प्रसंग असतो : संस्थेने केलेली बदली, मुख्याध्यापकपद डावललं जाणं, एखादा कोर्टातला तंटा. असं काही असेल तर कागद समोर असल्याशिवाय छापू नका, दुसऱ्या बाजूची हयात माणसं असतील तर त्यांची नावं घालू नका, आणि घरच्यांचा नकार पक्का असेल तर सोडून द्या. बाकी माणसाच्या खोडी, चिडचिड, चहाचं वेड, सायकलला कुणी हात लावला तर येणारा राग, हे कडवट नव्हे. ते आलं नाही तर पुस्तकात माणूस उरत नाही.

सरांच्या पत्नी हयात आहेत असं तुमच्या पत्रावरून दिसतं. मग त्यांच्याशी बोलल्याशिवाय एकही पान लावू नका. 'कुटुंबाचे मनोगत' म्हणून मुलाकडून पानभर आभार लिहून घेण्याची जी पद्धत आहे ती मला अजिबात पटत नाही. दहावीची मुलं शाळेत मुक्कामी अभ्यासाला राहायची, तेव्हा त्यांचा चहा कुणाच्या चुलीवर व्हायचा? पाहुणे म्हणून महिनोन् महिने राहिलेल्या विद्यार्थ्यांची धुणी कुणी धुतली? पगारातून कुणाची फी गेली, तेव्हा घरात काय थांबलं? ज्याला आपण समर्पण म्हणतो ते पुष्कळदा दोघांचं असतं आणि नाव एकाचं होतं. सिन्नरच्या एका सरांच्या पत्नींनी मला सुनावलं होतं, 'तुम्ही त्यांना देवमाणूस म्हणता, म्हणा बाई. आमच्या धाकट्याचं दहावीचं वर्ष आहे हे त्यांना निकाल लागल्यावर कळलं.' त्यांना विचारून ते तसंच छापलं. प्रकाशनानंतर लोक त्याच पानाबद्दल बोलत होते, आणि त्या सरांबद्दलचा आदर कुणाचा कमी झाला नाही.

ओघातच सांगते, बोलायला जाल तेव्हा वर्गाचा जुना ग्रुप फोटो बरोबर न्या. तो हातात दिला की माणूस बोट ठेवून एकेक नाव घ्यायला लागतो आणि मग प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

संस्थेच्या फोटोंचा प्रश्न दिसतो तेवढा मोठा नाही. आपल्या जिल्ह्यात संस्थांचा मान मोठा आहे आणि तो उगाच नाही. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४चा, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ची. या लोकांनी शाळा काढल्या नसत्या तर निफाड-दिंडोरीतली कित्येक घरं शिकली नसती. के.टी.एच.एम. कॉलेजच्या आद्याक्षरांत थोरात आणि हिरे आहेत. १९२४ साली सुरू झालेल्या एच.पी.टी. कॉलेजच्या आद्याक्षरांत हंसराज प्रागजी ठाकरसी आहेत. संस्थापकांची, देणगीदारांची नावं इमारतींना मिळतात. आठवी 'ब'ला तेहतीस वर्षं गणित शिकवणाऱ्याचं नाव इमारतीला मिळत नाही, त्याच्या वाट्याला फार तर तुमची ही स्मरणिका येते. हे पदाधिकाऱ्यांना नीट समजावून सांगितलं तर बहुतेक जण समजून घेतात. संस्थेचं एक पान ठेवा, त्यात शाळा कधी, कशी सुरू झाली ते येऊ द्या. पदाधिकाऱ्यांचे संदेश शेवटी, एका पानात दोन याप्रमाणे. पुढाऱ्यांचे संदेश मागवूच नका, कारण आले की लावावे लागतात. जाहिराती घेणार असाल तर त्याही सगळ्यात शेवटी, आणि 'हार्दिक शुभेच्छा' छापून येणार नाही याची खात्री करा. स्मृतिग्रंथात 'हार्दिक शुभेच्छा' मी स्वतः पाहिलेलं आहे.

कुसुमाग्रजांची सर आणि जुना विद्यार्थी यांच्यावरची कविता तुमच्या पहिल्या पानावर घालायचं ठरलंय असं दिसतं. घालू नका. एक तर नाशकात निघालेल्या निम्म्या स्मरणिकांत ती पहिल्या पानावर असते. दुसरं, त्यांचं निधन १९९९चं, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, तेव्हा परवानगी लागेल. तोच नियम पत्रांना. सरांनी तुम्हाला लिहिलेलं पोस्टकार्ड तुमच्याकडे असलं तरी त्यातला मजकूर सरांचा, म्हणजे आता त्यांच्या वारसांचा. घरच्यांची लेखी संमती घेऊन ठेवा. रजिस्टरमधून कुणाची जात, जन्मतारीख, गुण छापू नका, फोटोसकट तर मुळीच नाही. नापास झालेल्याची गोष्ट छापायची तर छापील मजकूर त्याला वाचून दाखवा आणि हो म्हणाला तरच नाव घाला.

चाळीस लेखांचं काय? सगळे छापावे लागतील, नाहीतर माणसं दुखावतील, ही तुमची अडचण खरी आहे. माझा तोडगा असा असतो : ज्या लेखात पाहिलेली, ऐकलेली एक तरी नेमकी गोष्ट आहे त्यातली ती गोष्टच ठेवायची, पाच ते पंधरा ओळी, खाली नाव आणि दहावीचं वर्ष. अशा तुकड्यांचा एक मोठा विभाग होतो आणि तो लोक आवडीने वाचतात. कापलेला मजकूर लेखकाला आधी दाखवायचा आणि सांगायचं की सगळ्यांचंच कापलंय. ज्यांच्या लेखात तसं काहीच नाही त्यांना तीन प्रश्न पाठवा : सर वर्गात शिरताना पहिलं काय करायचे? तुम्हाला न येणारी कुठली गोष्ट त्यांनी कशी शिकवली? त्यांनी तुम्हाला कधी नाही म्हटलं? बहुतेकांकडून काहीतरी येतं. ज्यांच्याकडून नाहीच आलं त्यांची नावं आदरांजलीच्या यादीत.

विस्तृत लेख पाच-सहाच पुरेत : एक सरांच्या शिकवण्यावर, एक सहकाऱ्याचा, एक सरांच्या पत्नीच्या मुलाखतीचा, एक शाळा सोडलेल्यांच्या बोलण्याचा, एक गावाचा आणि शाळेचा त्या तेहतीस वर्षांतला. सुरुवातीला सरांचं जीवनपट म्हणून कोरडं एक पान : जन्म, शिक्षण, नेमणुका, निवृत्ती, बस.

छपाईचं थोडक्यात. आकार डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाएवढा ठेवा, हातात धरून वाचता येतो. मोठ्या चौकोनी चकचकीत स्मरणिका कुणी वाचत नाही. फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडला जाणारा पानांचा संच, सोळा पानांचा असतो, तेव्हा एकूण पानं सोळाच्या पटीत बसवा. आतला कागद साधा मॅपलिथो (बिनचकाकीचा), वह्या-फोटोंचा एकच फॉर्म चकचकीत आर्ट पेपरवर. मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. जुन्या फॉन्टमधून बदलून घेतलेल्या मजकुरात रफार जागा सोडतात आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द हमखास फुटतात. प्रूफं निदान तीन वेळा, आणि तिसरं प्रूफ सरांना न ओळखणाऱ्या माणसाकडून. नावांची यादी मात्र गावातल्याच माणसाने तपासायची, आडनावं परक्याला कळत नाहीत.

वर्षश्राद्धाला किती महिने उरलेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. तीनपेक्षा कमी असतील तर घाई करू नका. त्या दिवशी जीवनपट, एक वही आणि सरांच्या पत्नीची मुलाखत अशी बत्तीस पानी पुस्तिका काढा, मुख्य पुस्तक जूनमध्ये शाळा उघडल्यावर किंवा ५ सप्टेंबरला. प्रती काढताना ज्यांच्याशी बोललात त्या प्रत्येकाची एक प्रत आधी बाजूला ठेवा आणि ती पोस्टाने न पाठवता हातात नेऊन द्या, बागेवर, मार्केटात, सासरच्या गावी. एक प्रत शाळेला, एक गावच्या वाचनालयाला, एक १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालय नाशिकला. पुस्तकरूपात काढत असाल तर १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयालाही एक जाते. मूळ वह्या ज्यांच्या त्यांना परत करा, पावती लिहून घ्या, आणि स्कॅन केलेला सगळा ऐवज दोन वेगवेगळ्या माणसांकडे ठेवा. त्यातला एक चाळिशीच्या आतला असू द्या.